बाकांसाठी चाळीस हजार

तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातला दुसरा शनिवार. मंजूर रक्कम रुपये चाळीस हजार. हजर: प्रतिष्ठानचे अध्यक्ष अप्पा, चिटणीस वकीलसाहेब, तीन विश्वस्त, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर भवानी पेठेत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या अंबिका सामल. त्यांनी मागितले होते छत्तीस हजार. म्हणजे आम्ही मागणीपेक्षा चार हजार जास्त दिले. आमच्याकडे असं पहिल्यांदाच घडलं, आणि सभेत टाळ्या वाजल्या. अंबिकाताईंनीही वाजवल्या. त्यांनी मागितलं होतं शिकवण्याचं मानधन, महिना तीन हजार. आम्ही मंजूर केले बाक.

या अंकाच्या संपादकांनी मला समाजकार्यातले प्रेरक अनुभव लिहायला सांगितलं होतं. प्रेरक म्हणावं असं माझ्याकडे फारसं नाही. लिहिलेलं अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले की प्रतिष्ठानचं नाव काढून टाक. ते काढलं आहे. बाकी काही बदललेलं नाही.

आधी आमचा धंदा सांगतो. धंदा हा शब्द अप्पांना आवडत नाही, पण मला दुसरा सुचत नाही. गावातल्या पैसेवाल्यांनी एकत्र येऊन एक ठेव ठेवायची. तिचं व्याज आणि वर्षभरात येणाऱ्या देणग्या मिळून जी रक्कम होईल ती शाळा, अभ्यासवर्ग, वाचनालयं यांना वाटायची. आमचे संस्थापक चादरीवाले, टॉवेलवाले, भुसारवाले आणि एक सराफ. पैसा सोलापूरचा, तो सोलापूर जिल्ह्यातच जायला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तो मला अजूनही पटतो. मी तिथं एकवीस वर्षं पगारावर आहे. दारावरच्या पाटीत माझा हुद्दा व्यवस्थापक असा आहे. पण कचेरीत टेबल एकच, त्यामुळे हिशेब लिहिणारा, अर्ज वाचणारा, गावोगाव जाऊन पाहून येणारा आणि विश्वस्तांसाठी चहा सांगणारा, सगळा मीच.

अर्ज एप्रिलमध्ये येतात. मी प्रत्येक ठिकाणी जाऊन येतो. जूनमध्ये सभा होते. पैसे दोन हप्त्यांत देतो. पहिला हप्ता मंजुरीनंतर आणि दुसरा वस्तू आल्याचं बिल आणि फोटो मिळाल्यावर. बिल, वस्तू आणि फोटो या तिघांचा मेळ बसला की माझं काम संपलं. मेळ बसवण्यात मी चोख आहे, हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. एका देणगीदारानं पाचशे दप्तरं वाटायची ठरवली. प्रत्येक दप्तरावर त्यांचा स्वतःचा हसरा फोटो. वाटपाच्या सकाळी मांडवात बसून मी दप्तरं मोजली, ती बारा कमी भरली. दप्तरवाला म्हणाला, साहेब, एवढ्यात बारा कुणाला कळणार? मी म्हणालो, शेवटच्या बारा पोरांना कळेल. कार्यक्रम दीड तास थांबवला, पाहुणे घामाघूम झाले, पण बारा दप्तरं आली. त्या देणगीदारांनी पुढं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

आता तो शब्द, वस्तू. आमच्या घटनेच्या सातव्या कलमात लिहिलं आहे की अनुदान फक्त टिकाऊ वस्तूंसाठी द्यावं आणि त्या वस्तू दहा वर्षं प्रतिष्ठानच्या मालकीच्या राहाव्यात. वस्तू आणण्या-नेण्याचा खर्च चालेल. पगार, मानधन, भाडं, प्रवास चालणार नाही. हे कलम दुष्टपणानं घातलेलं नाही. संस्थापक सगळे दुकानदार. दिलेल्या पैशाचं काय झालं हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे, ही त्यांची सवय. कपाट दिसतं, पंखा दिसतो, त्यावर नाव घालता येतं. बाईंनी वर्षभर मुलांना शिकवलं, हे कुठं दिसणार आणि त्यावर नाव कुठं चिकटवणार? शिवाय वकीलसाहेबांनी त्यांना सुरुवातीलाच घाबरवून ठेवलेलं. मानधन घेणारा माणूस दोन वर्षांनी कायम करा म्हणून कोर्टात जातो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं एक वाक्य मी प्रत्येक सभेत ऐकत आलोय: बाक कधी कोर्टात जात नाही.

या कलमाची फळं मी गावोगाव पाहिली आहेत. केम गावाच्या पुढं एका वस्तीवर सातवीपर्यंतची शाळा. पुढच्या शाळेला जायचं तर टमटमनं जावं लागतं, म्हणून मुली सातवीनंतर घरी बसतात. गुरुजींनी वर्षभराचं टमटमचं भाडं मागितलं. भाडं बसत नव्हतं. एक देणगीदार पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचे विक्रेते होते, म्हणून आम्ही शाळेला यंत्र दिलं. पुढच्या वर्षी मी पाहायला गेलो. यंत्र चालू होतं, बिल आणि फोटो बरोबर होते. एक मेंढपाळ कळशी भरून घेत होता. पाणी कसं आहे म्हणून मी विचारलं.

"पानी लई ग्वाड लागतंय, सायेब," तो म्हणाला. "माजी पोरगी घरीच बसलीया आता. तिच्यासाटनं न्हेतो की हितनं."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो खरोखर आभार मानत होता. मी तपासणीच्या कागदावर 'समाधानकारक' असं लिहिलं आणि परतीची गाडी पकडली.

अंबिकाताईंचा अर्ज आला त्या एप्रिलात मी त्यांचा वर्ग पाहायला गेलो. भवानी पेठेतल्या गल्लीत एका माणसानं आपले दोन माग भंगारात विकले होते, त्यांची खोली रिकामी होती. बारा फूट बाय चौदा फूट. त्यानं ती वर्गाला फुकट वापरायला दिलेली. शेजारचे माग चालू असायचे, त्यामुळे भिंत सतत थरथरायची आणि बाईंना मोठ्यानं बोलावं लागायचं. जुन्या फाटक्या चादरी अंथरून चौतीस मुलं मांडीला मांडी लावून बसलेली. पालक मागावर, नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आणि बायका बहुतेक विड्या वळणाऱ्या. घरात तेलुगू, शाळा मराठी. शाळेत गुरुजी काय बोलतात ते पहिली-दुसरीच्या पोरांना अर्धंच कळतं, आणि जे कळलं नाही ते घरी समजावून सांगायला कोणी नाही. तो अर्धा भाग अंबिकाताई संध्याकाळी भरून काढायच्या.

मी बसलो होतो तेव्हा सातवीची मुलं व्याजाचं गणित करत होती. शेकडा पाच दरानं, असं पुस्तकात होतं. पोरं शेकडा या शब्दापाशी अडली होती, कुणी गुणाकार करत होतं, कुणी भागाकार. अंबिकाताईंनी फक्त एवढंच म्हटलं, "नूटिकी ऐदु." शंभराला पाच. खोलीत एकदम पेन्सिली चालू लागल्या. माझं आयुष्य आकड्यांत गेलं, पण आकडा असा उघडताना मी क्वचित पाहिला आहे.

त्या स्वतः डी.एड. आहेत. पास झाल्या त्या वर्षांत शिक्षकांची भरती बंद होती. मग लग्न झालं, मग वय निघून गेलं. सासूच्या विडीच्या कार्डावर त्या घरी विड्या वळायच्या. सकाळी पानं आणि तंबाखू आणायचा, कात्रीनं पानं कापायची, दिवसभर वळून गठ्ठे करून कारखान्याच्या शाखेत जमा करायचे. कार्ड टिकवायचं तर ठरावीक माल द्यावाच लागतो, कारण त्या कार्डावरच सासूचा फंड होता. संध्याकाळचे दोन तास वर्गाला. अर्जात त्यांनी साधी मांडणी केली होती. त्या दोन तासांत जेवढ्या विड्या होतात तेवढ्याची मजुरी मिळाली तर वर्ग चालेल, नाहीतर घरचे म्हणतात बंद कर. महिना तीन हजार. मला ती मांडणी इतकी चोख वाटली की अर्जावर मी 'शिफारस' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

सभेत मी हा अर्ज वाचला. वकीलसाहेबांनी सातवं कलम वाचलं. मग एका विश्वस्तांनी विचारलं, मुलं बसतात कशावर? मी सांगितलं, जमिनीवर. त्यांच्या व्याह्यांना आईच्या नावानं काहीतरी द्यायचं होतं. पाच मिनिटांत ठरलं. खोलीत मावतील तेवढे बाक.

मी आकडे सांगितले. खोलीत नऊच बाक बसतात, एका बाकावर दोन मुलं, म्हणजे अठरा. मुलं चौतीस आहेत. वकीलसाहेब म्हणाले, उरलेल्यांना पुढच्या वर्षी बाक देऊ. मी म्हणालो, बाक देता येतील, खोली देता येणार नाही. यावर अप्पा हसले.

"मल्लिनाथ, पोरं हायत ती," ते म्हणाले. "दाटून बसतील की. तू बाकावर बसून शिकलास, मी बाकावर बसून शिकलो. तेवढं तरी त्यांना मिळू दे."

अप्पा मनानं वाईट नाहीत. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात आलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही. जमिनीवर बसलेली मुलं त्यांना खरंच बघवत नव्हती. अंबिकाताईंना विचारलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाकाला मी नको कशाला म्हणू, सर? पण बाक शिकवत नाही की." सगळे हसले. त्यांना वाटलं बाईंनी विनोद केला. टाळ्या तेव्हा वाजल्या.

नऊ बाकांचे प्रत्येकी चार हजार दोनशे, पोचवायचे बाराशे, नावाच्या पट्ट्यांचे एक हजार. बरोबर चाळीस हजार.

बाक पसंत करायला मी आणि अंबिकाताई दुकानात गेलो. दुकानदार जुना, आमच्या अनुदानावर त्याचा अर्धा धंदा चालतो. बोलता बोलता त्याला सगळी हकीकत कळली. त्यानं कोपरावर टेकून आवाज खाली आणला. पाच बाक घ्या, म्हणाला, बिल मी नवाचं करतो. उरलेल्या चार बाकांचे पैसे बाईंना द्या, पाच-सहा महिने वर्ग निघेल. "लोखंड मोजायला कोण येतंय, मॅनेजरसाहेब?"

"मीच येतो," मी म्हणालो.

तो हसला. अंबिकाताई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. सोळा हजार आठशे रुपये होत होते ते. आकडा माझ्या डोक्यात त्याच क्षणी तयार होता. मला कळत होतं की त्या खोलीसाठी हाच हिशेब बरोबर आहे. पाच बाक, मागं चादरी, पुढं बाई, आणि चौतीस मुलं. पण बिल खोटं. मी नाही म्हणालो. नऊ बाकांची ऑर्डर दिली, पावती घेतली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, सर. नोकरी आहे तुमची." मला सांगावंसं वाटलं की नोकरीमुळे नाही. पण मग कशामुळे, ते मला सांगता आलं नसतं. आजही त्या दुकानदारानं तसं बिल पुढं केलं तर मी नाहीच म्हणेन. या गोष्टीतली ही एक जागा अशी आहे, जिथं मी कितीही वेळा परत गेलो तरी तसाच वागतो, आणि त्यातून कधीच काही चांगलं निघत नाही.

जुलैमध्ये बाक गेले. उद्घाटन झालं. व्याही सहकुटुंब आले. प्रत्येक बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी, कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ. नारळ फुटला, पेढे वाटले. फोटोसाठी अठरा मुलं बसवली, बाकीची सोळा खोलीत मावेनात म्हणून बाहेर गल्लीत थांबली. एका बाकावर तीन-तीन बसवून पाहिलं, पण मग कुणालाच लिहिता येईना. खोलीत मुलांपेक्षा लोखंड जास्त झालं. पहिलीतली पोरं पुढच्या बाकाच्या पाठीवर बोट फिरवत वाचायची. घर, नळ, आई हे शब्द यायच्या आधी त्यांना स्मरणार्थ हा शब्द यायला लागला. हे अंबिकाताईंनी मला हसत सांगितलं. तेव्हा त्या अजून हसत होत्या.

सोळा मुलांना घरी पाठवणं त्यांना जमलं नाही. त्यांनी दोन पाळ्या केल्या. आधी सहा ते आठ असायचं, आता पाच ते सात लहान मुलं आणि सात ते नऊ मोठी. दोनाचे चार तास झाले. बाक हलवून भिंतीला लावा आणि चादरी अंथरा, असं मी सुचवलं. त्यांनी तसं एकदा केलंही. नेमके त्याच आठवड्यात व्याही नातवंडांना घेऊन पट्ट्या दाखवायला आले. बाक एकावर एक रचलेले आणि मुलं खाली. त्यांनी अप्पांना फोन केला. अप्पांनी मला केला. बाक पुन्हा मांडले गेले.

म्हणजे आमच्या चाळीस हजारांनी त्यांच्या डोक्यावर रोज दोन तास फुकट काम वाढवलं. आठशे विड्या होत होत्या तिथं पाचशेवर आल्या. कारखान्याच्या शाखेतून सासूला बोलावणं आलं की माल कमी पडतोय, कार्डाचं काय करायचं? सासू दारात बसून ऐकवायची, दुसऱ्यांची पोरं शिकवून आपल्या चुलीला काय मिळतंय? हे मला गल्लीतल्या दुकानदारानं सांगितलं. अंबिकाताईंनी घरचं कधी काढलं नाही.

मी घरी विषय काढला. माझा पगार सांगण्यासारखा नाही, मुलगी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. महिना पाचशे आपण द्यावेत का, असं मी बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती. "द्या की," ती म्हणाली. "पण त्या मोठ्या लोकांचे हप्ते आपण किती दिवस भरायचे, तेवढं एकदा बसून काढा. तुमचा हिशेब चांगला आहे म्हणतात."

दोन महिने दिले. तिसऱ्या महिन्यात अंबिकाताई कचेरीत आल्या आणि टेबलावर पाकीट ठेवलं. आत हजार रुपये. त्यांनी त्यातला एक रुपयाही मोडला नव्हता.

"हे तुमच्या घरातलं आहे, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरातलं दिलं तर मी तुमची कोण होते? शिकवायचे म्हणून कुणीतरी द्या. मग पाचशे असू दे, चालतंय की. पण शिकवायचे म्हणून."

मी पाकीट उचललं नाही, म्हणून त्यांनी ते माझ्या कागदांखाली सरकवलं आणि गेल्या.

त्यानंतर मी एक काम केलं, जे हिशेबनिसाचं नाही. सातवं कलम बदलावं, असं टिपण लिहिलं. चार पानं. गेल्या काही वर्षांत आम्ही दिलेल्या वस्तूंपैकी किती वस्तू आज वापरात आहेत, कुठल्या कुलपात आहेत आणि कुठं वस्तू आहे पण तिच्यासमोर बसणारी मुलं उरली नाहीत, हे सगळं त्यात मांडलं. आकडे सगळे माझ्याच तपासणीचे होते, 'समाधानकारक' असा शेरा मारून मीच पाठवलेले. टिपण पुढच्या जूनच्या सभेत शेवटच्या विषयावर आलं. तोवर सगळ्यांना जेवायची घाई झाली होती.

वकीलसाहेब म्हणाले, घटनादुरुस्तीला वेळ लागतो, अर्ज करावे लागतात, आणि एकदा मानधन सुरू केलं की बाक कोर्टात जात नाही हे तुम्हाला आठवेल. सराफांच्या घरचे विश्वस्त म्हणाले, कल्पना उत्तम आहे, अभ्यास करू. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"त्या पोरीचं मला पण वाटतंय, मल्लिनाथ," ते म्हणाले. "पण एकीला दिलं की उद्या पन्नास जणी येतील. त्यांना काय सांगायचं?" मग मला एकट्याला ऐकू जाईल असं कन्नडमध्ये म्हणाले, "इरली बिडू." म्हणजे असू दे, सोड.

पन्नास जणी आल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी टिपणाची चार पानं आवरली. त्याच सभेत अंबिकाताईंच्या वर्गाला एक लोखंडी कपाट मंजूर झालं. व्याह्यांच्या भावाला वडिलांच्या नावानं द्यायचं होतं. कपाट दाराशेजारीच बसत होतं, म्हणून मागचा एक बाक कोपऱ्यात ढकलावा लागला. त्या बाकावर मग कुणाला बसता येईना. बाकांवरच्या जागा अठराच्या सोळा झाल्या.

वर्ग आणखी जेमतेम दोन वर्षं चालला. मी मधूनमधून जायचो. दुसऱ्या पाळीतली मुलं हळूहळू कमी होत गेली, नऊला घरी जायला उशीर होतो म्हणून मुलींना आधी काढलं. अंबिकाताईंच्या आवाजात खरखर आली होती. मी गेलो की त्या शिकवणं थांबवायच्या नाहीत, नुसती मान हलवायच्या. मीही बसायचो नाही. काय म्हणून बसायचं?

या वर्षी एप्रिलात त्यांचा अर्ज आला नाही. मे महिन्यात फोन आला. खोलीच्या मालकाला पार्सलवाल्यानं भाडं देऊ केलं होतं, त्याला खोली हवी होती. त्यांनी स्वतः गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काम धरलं होतं, शर्टाला घड्या घालून पिशवीत भरायचं. पगार साडेआठ हजार. सगळं एका दमात सांगून म्हणाल्या, "तुमचे बाक घेऊन जावा, सर. बाहेर ठेवले तर कुणीतरी नेईल, मग तुमचा हिशेब चुकतोय."

वस्तू दहा वर्षं आमच्या मालकीच्या. दुसरं कुणी मागणारं नव्हतं, म्हणून अप्पांच्या दुकानामागच्या गोदामात ठेवायचं ठरलं. मी रफीकभाईंचा टेंपो सांगितला. दोन हमाल बरोबर आणायला सांगितले होते, सकाळी येताना एकच आला. दुसरा लग्नाला गेला होता. माझी कंबर दुखावलेली, पट्टा बांधलेला, त्यामुळे मी नुसता उभा. रफीकभाई मला म्हणाले, साब, तुम नक्को, तुम खाली गिनो, म्हणजे नुसतं मोजा.

अंबिकाताईंची कारखान्यात दुपारची पाळी होती. त्यांनी पदर खोचला आणि पहिल्या बाकाचं एक टोक धरलं. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "मांडताना पण मीच धरलं होतं की." गल्ली अरुंद, टेंपो तोंडाशी उभा, दर बाकामागं तेवढं अंतर चालत जायचं. सुट्टीचे दिवस होते. आपापल्या उंबऱ्यावर काही मुलं बसली होती, पुढ्यात विडीच्या पानांची सुपं. ती कात्रीनं पानं कापत बघत होती. एकीनं हाक मारली, अक्का, म्हणून. अंबिकाताईंनी तेलुगूत काहीतरी उत्तर दिलं. ती परत पानं कापायला लागली.

कपाट टेंपोकडे नेताना मधे दम घ्यायला त्या थांबल्या. मी विचारलं, समजा आता मानधन मंजूर झालं, तर वर्ग परत सुरू कराल का? मंजूर होण्याची काही शक्यता नव्हती. मग मी का विचारलं, ते मला माहीत नाही. कदाचित मला हो ऐकायचं होतं.

त्यांनी थोडा विचार केला. त्यांनी विचार केला, हे मी मुद्दाम लिहितो.

"आता नाही, सर," त्या म्हणाल्या. "तिथं सात तारखेला पगार होतो. सासू आता मला चहा करून देते." मग म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आमच्यासाठी लई पळालात."

मला वाटतं या एकवीस वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात वाईट प्रशस्तिपत्र असावं. पळालो तर होतोच. खोली रिकामी झाल्यावर मी आत जाऊन पाहिलं. फरशीवर बाकांच्या पायांचे गंजलेले ठसे होते, शेजारचा माग चालूच होता आणि भिंत तशीच थरथरत होती. पार्सलवाल्याचा माणूस दारात टेप घेऊन मापं घ्यायला उभा होता.

मी टेंपोजवळ येऊन पैसे काढले. रफीकभाईंना भाडं दिलं, हमालाला त्याची हमाली दिली. दुसऱ्या हमालाचे पैसे परत पाकिटात ठेवायला लागलो, तर रफीकभाईंनी माझा हात धरला.

"साब, वो पैसा अक्का कोच देव," ते म्हणाले. "दुसऱ्या हमाल का काम तो उनोच करे ना."

अंबिकाताई मागं नळावर हात धूत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. मी सातवं कलम मनात वाचलं. वस्तू आणण्या-नेण्याचा खर्च चालेल. त्यात हमाली बसते. काम झालेलं आहे, मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, दर ठरलेला आहे. कुठंही काही खोटं नाही. प्रतिष्ठानच्या पैशातून त्या बाईंना त्यांच्या श्रमाचे पैसे द्यायला आता कलमाची कसलीच हरकत नव्हती.

मी पावती लिहिली आणि त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ओले हात पदराला पुसले, पावती वाचली, सगळी वाचली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कुठं सही करू?"

मी जागा दाखवली.

त्या दिवशी दिलेली रक्कम अशी. टेंपोभाडं, रफीकभाई यांना, रुपये बाराशे. हमाली, टेंपोबरोबर आलेल्या माणसाला, रुपये तीनशे. हमाली, अंबिका सामल यांना, रुपये तीनशे.